शैलचित्रांवर पाणी नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोन कुटुंबे नागपूरहून भोपाळजवळच्या भीमबेटक्याची प्राचीन शैलचित्रे (खडकांवरील चित्रे) पाहून आलो. इटारसी ओलांडून भोपाळकडे जाताना ओबेदुल्लागंजच्या आसपास विंध्याचे जे डोंगर लागतात, ते खिडकीतून आपण नागपूरकरांनी कितीदा तरी पाहिले असतील. पुरातत्त्वज्ञ विष्णु श्रीधर वाकणकरांना मात्र १९५७ साली रेल्वेप्रवासातच तिथल्या खडकांची ठेवण वेगळी वाटली आणि ते शोध घेत तिथवर पोहोचले. आज तेथील ७००हून अधिक शैलाश्रयांपैकी (खडकांच्या नैसर्गिक आडोशांपैकी) मोजकेच पर्यटकांसाठी खुले आहेत. मुलांना सर्वांत गंमत वाटली ती एकाच भिंतीवर जुन्या प्राण्यांच्या आकृत्यांवरून पुढच्या काळातील लोकांनी काढलेल्या चित्रांची; जुने पुसण्याचे कष्ट कोणी घेतलेले दिसत नाहीत.

एका फिकट चित्राचा फोटो नीट येईना, म्हणून आमच्याच मेव्हण्यांनी त्यावर पाणी शिंपडण्यासाठी बाटली उघडली. पहारेकऱ्याने वेळीच हटकले म्हणून बरे. ओल्या खडकावर रंग क्षणभर उठून दिसतो हे खरे. परंतु खडकात मुरलेले पाणी वाळताना आतील क्षार पृष्ठभागावर आणते आणि त्यांच्या थराखाली चित्र धुरकट होते किंवा रंगाचे पोपडे सुटतात. छतासारख्या पुढे आलेल्या कड्यांनी हजारो वर्षे पाऊस अडवला, म्हणून तर गेरूचा आणि पांढरा रंग टिकला. मेव्हणे शिकलेले, जबाबदार गृहस्थ आहेत. त्यांना हे कोणी सांगितलेच नव्हते, आणि खरे सांगायचे तर मलाही ठाऊक नव्हते.

भीमबेटक्याला निदान हटकणारे कोणी होते. आपल्या मोर्शीच्या पलीकडे, बैतूल जिल्ह्यातील धारूळ गावाजवळ अंबादेवीच्या परिसरात विदर्भातील निसर्गप्रेमी अभ्यासकांनी २००७ पासून चित्रित शैलाश्रय शोधून काढले आहेत. तिथल्या जंगलातील प्रत्येक कपारीशी पहारेकरी उभा करणे कोणत्याही खात्याच्या आवाक्यातले नाही. त्यामुळे नागपुरातील सहल-आयोजकांनी आणि शाळांनी निघण्यापूर्वीच ‘चित्राला हात लावू नका, पाणी टाकू नका’ एवढे सांगावे. आपल्या पर्यटन पुरवणीतही अंतर, मुक्काम आणि जेवणाच्या माहितीशेजारी हीच सूचना ठळक अक्षरांत छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, नागपूर