मध्यस्थीला बसण्याआधी

प्रिय सोन्या,
अनेक आशीर्वाद.

भागीदारीच्या दाव्यात मध्यस्थीला तयार झालास, बरं वाटलं. पण "एकदा त्याचं सगळं बाहेर काढतो" असं फोनवर म्हणालास, ते पटलं नाही. तिथे न्यायाधीश नसतो रे. लवाद निवाडा देतो, मध्यस्थ देत नाही. मग त्याला पटवून काय हाती लागणार? पटवायचं आहे ते नेमकं त्या माणसाला, ज्याचं तोंड बघायची तुझी तयारी नाही.

म्हणून आधी हिशेब मांड. समेट झालाच नाही तर पुढे काय? समज, मागणी शंभराची आहे, जिंकायची शक्यता निम्मी आणि निकालापर्यंतचा तुझा खर्च वीस. म्हणजे शंभराचे निम्मे पन्नास, त्यातून खर्चाचे वीस गेले, की दाव्याची आजची किंमत तीसच्या आसपास. भागीदाराने चाळीस देऊ केले तर तो अपमान नाही. शिवाय जिंकूनही वसुली होईलच असं कुठे आहे? वकील "केस मजबूत आहे" म्हणतील; आपली कच्ची बाजू कोणती, तेही त्यांच्याकडून वदवून घे.

हा आकडा समोर बोलायचा नाही. मध्यस्थ दोघांना वेगवेगळंही भेटतो. तिथलं सहसा तुझ्या परवानगीशिवाय पलीकडे जात नाही, तरी काय सांगायचं नि काय नाही, हे त्याला स्पष्ट सांग.

करारनामा, खातेउतारे, घटनांचा तारीखवार एक पानी गोषवारा, हे तू करशीलच. त्याहून मोलाचा दुसरा कागद: पैशाशिवाय तुला काय हवंय, आणि त्याला काय हवं असेल. यंत्रं कोणी ठेवायची, धंद्याचं नाव कोणी वापरायचं, जुने ग्राहक कोणाचे, पैसे एकरकमी की हप्त्यांनी? न्यायालयाचा निकाल सहसा दाव्यात मागितलेल्या गोष्टींपुरताच असतो. इथे मात्र या सगळ्या गोष्टी आपसात ठरवता येतात. त्याची बाजू लिहिताना चिडचिड होईल. होऊ दे, पण लिही.

सूनबाईची सही लागणार असेल तर तिला सोबत ने. "घरी विचारून सांगतो" म्हणालास की जमत आलेलं फिसकटतं.

समेटाचा कच्चा मसुदा वकिलांकडून आधीच करून घे. हप्ता चुकला तर काय, दावा कोणी आणि कधी मागे घ्यायचा, हे त्यात हवं. मलाही पाठव. आणि त्या दिवशी संध्याकाळी दुसरं काही ठरवू नकोस. या बैठका लांबतात, आणि निघायच्या घाईत न वाचता सही होते.

तुझी आई