पंचाच्या मनगटावरचं घड्याळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सरला की गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत गावोगावी व्हॉलीबॉलच्या स्पर्धा सुरू होतात. अलीकडे काही पंच वेळ मोजायला स्मार्टवॉचवरचं टायमर ॲप वापरतात आणि त्यावरून प्रेक्षकांत कुजबुज चालते, "पंच व्हॉट्सॲप बघतोय!" मी तालुका पातळीवर पंचगिरी करतो, म्हणून हे पत्र.

पहिल्या, म्हणजे मुख्य पंचाच्या शिट्टीनंतर ८ सेकंदांत सर्व्हिस व्हायला हवी. टाइमआउट ३० सेकंदांचा, सेटमागे प्रत्येक संघाला दोन. दोन सेटमधली विश्रांती ३ मिनिटांची. गावच्या मैदानावर यातलं किती पाळलं जातं? प्रशिक्षकाचं बोलून झालं तरी टाइमआउट संपत नाही, कारण गावातले दोन-तीन जाणकारही कोर्टात शिरून सल्ला देतात. सेट संपला की निवेदक देणगीदारांची यादी वाचायला घेतो. अंतिम सामना रेंगाळत रात्री साडेनऊला सुरू होतो आणि दहा वाजता कायद्याप्रमाणे माईक बंद. पुढचे गुण मागच्या रांगेला एकमेकांना विचारावे लागतात.

काही जण म्हणतात, मग साधं स्टॉपवॉच घ्या की. त्यांनी एकदा दुसऱ्या, म्हणजे सहायक पंचाचे हात बघावेत. टाइमआउटची खूणच दोन्ही हातांनी करायची असते, एका हाताच्या उभ्या बोटांवर दुसऱ्याचा तळवा आडवा. त्यात शिट्टी सांभाळायची, बदली खेळाडू बघायचे, आणि स्टॉपवॉच कुठे धरायचं? सर्व्हिसच्या वेळी तर मान खाली घालायची सोयच नाही. चेंडूला हात लागतो त्या क्षणी पहिला पंच सर्व्हिस करणाऱ्या संघाकडे आणि दुसरा समोरच्या संघाच्या जागांकडे बघत असतो. घड्याळ मनगटावर थरथरलं की नजर न हलवता वेळ संपल्याचं कळतं, कितीही गलका असो. हाच त्याचा खरा फायदा.

कुरकुर करणाऱ्यांचं एक म्हणणं मात्र रास्त आहे. सामना चालू असताना निरोप आला तरी घड्याळ तसंच थरथरतं, मग पंचाचाच गोंधळ उडतो. तेव्हा कोर्टावर उतरण्याआधी ते विमान मोडवर टाकून ब्लूटूथही बंद आहे ना, ते बघायलाच हवं. शिवाय आपल्याकडच्या दमट हवेत घामेजल्या बोटांना नुसता स्क्रीन दाद देत नाही, त्यामुळे बाजूला बटण असलेलं घड्याळ बरं.

ॲप फक्त सेकंद मोजतं. चेंडू प्रेक्षकांत गेला असेल तर शिट्टी कधी द्यायची हे पंचच ठरवणार. वेळकाढूपणा केला तर आधी ताकीद आणि त्याच सामन्यात पुन्हा केला तर प्रतिस्पर्ध्याला गुण, हेही त्यालाच करावं लागतं, आणि यजमान गावाच्या संघाविरुद्ध ते करायला थोडी छातीही लागते!

आयोजकांनी नियमपत्रकात घड्याळाचा उल्लेख करावा आणि नाणेफेकीच्या वेळी दोन्ही कर्णधारांना ते दाखवावं. शालेय स्पर्धांच्या पंचांसाठी क्रीडा संचालनालयाने याचं प्रात्यक्षिक ठेवलं तर उत्तमच. देणगीदारांची यादी तेवढी पहिल्या सामन्याआधीच वाचून टाकावी.

आपला,
एक व्हॉलीबॉल पंच, डिचोली