ध की घ?

ती. आई-बाबांना,
सा. न.

फोनवर दोनदा सांगायचं ठरवलं आणि दोन्ही वेळा तब्येतीचं विचारून फोन ठेवला, म्हणून लिहिते आहे. मी नोकरी सोडली. पंधरा दिवस झाले. कोणी काढलं नाही, भांडणही झालं नाही. आई, इथेच थांबून रडू नकोस. पूर्ण वाच, आणि बाबांना मोठ्याने वाचून दाखव.

साठवलेल्या पैशांत एक वर्ष नीट निघेल, हिशेब दोनदा केलाय. विमा चालू आहे. काकांच्या वेळी झालं तसं होणार नाही, मी कुणाकडून काही उसनं घेतलेलं नाही. खोली तीच आहे. जेवण वेळेवर होतं, झोप आधीपेक्षा चांगली लागते. टेबल खिडकीशी ओढून घेतलंय, पाठीला तू दिलेली उशी आहे.

आई, मी तुझे शब्द काढते आहे. टचकन, भसकन, कुळकुळीत, लख्ख. तू ‘टचकन’ म्हणालीस की मला शब्दाआधी पाणी दिसायचं. डिझाइन शिकताना मी तेच कागदावर उतरवू बघत होते. मग नोकरीत ‘पुढे जा’ आणि ‘रद्द करा’ची बटणं रंगवण्यात ते राहून गेलं. आता एका पानावर एकच शब्द, आणि चित्र वेगळं नाही, अक्षरच चित्र. ‘टचकन’मधल्या च चं पोट थेंबासारखं भरत नेलंय, न पर्यंत ते सांडतं. ‘कुळकुळीत’ला मात्र आठ दिवस लागले, त्यात दोन ळ. बाबा, आठवतं? मी ळ म्हणून दोन गोट्या काढून मध्ये दोरी बांधायचे. तुम्ही तो कधी पुसला नाहीत, माझा हात धरून शेजारी दुसरा काढलात. अजून ळ काढताना तुमच्या अंगठ्याचा दाब जाणवतो.

फावल्या वेळात होणार नाही का, असं तुम्ही विचाराल. नाही होत, बाबा. इंग्रजीत लहान-मोठी मिळून 52 अक्षरं. आपल्याकडे जोडाक्षरं, रफार, मात्रा धरून आकार शेकड्यांत जातात. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला फरक एका र च्या वळणाचा, तोही नीट काढावा लागतो. बोरूची जाड-बारीक रेघ रोमन अक्षरांच्या उलट बाजूला पडते, त्यामुळे तिकडचा साचा उचलून भागत नाही. तुम्ही ज्या ‘मंगल’ फाँटमध्ये टिपणं टाइप करायचात, तो र. कृ. जोशींनी घडवलेला. ते आयआयटी मुंबईत शिकवायचे, सुलेखन करायचे आणि कविताही लिहायचे. भाषा आणि चित्र एका माणसात मावतात, एवढंच मला सांगायचंय.

आणखी एक कारण आहे. रागावू नका, आईने काही सांगितलेलं नाही, मीच पाहिलं. मागच्या वेळी तुम्ही वर्तमानपत्र धरून बसला होतात आणि पान उलटत नव्हतात. ‘धर’ला ‘घर’ वाचलंत. मोतीबिंदू आहेच, पण दोष अक्षराचाही आहे. ध च्या डोक्यावर शिरोरेषेत जी फट असते ती बारीक छपाईत बुजते, भ चंही तसंच, मग तो म वाटतो. माझ्या अक्षरांत ती फट मोठी ठेवते आहे आणि अनुस्वार ठसठशीत.

पण म्हणून शस्त्रक्रिया आता पुढे ढकलायची नाही. दोनदा झालं, तिसऱ्यांदा मी ऐकणार नाही. नंतर डोळा चोळायचा नाही. दोन वेगळी औषधं असतील तर थेंबांत पाच मिनिटं जाऊ द्यायची. आई, थेंब तूच घाल, ते घाई करतात. आणि तूही दिवा लावल्याशिवाय सुई ओवायला बसू नकोस. तारीख कळवा, मी आठ दिवस येऊन राहते, आता रजा मागावी लागत नाही.

तुम्हाला न विचारता केलं, याचं वाईट वाटतं. विचारलं असतं तर तुम्ही माझ्यासाठी हो म्हणाला असतात आणि रात्रभर जागला असतात.

सोबतच्या कागदावर ध आणि घ चे सहा-सहा नमुने छापले आहेत. बाबा, खिडकीपाशी बसून बघा, जो चटकन कळेल त्याखाली रेघ मारा. एकही कळला नाही तर तसं लिहा, मी पुन्हा काढेन.

तुमची,
मनी