वर्तुळ दिसले नाही म्हणून हप्ता थांबवला: विज्ञान व तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,

सादर नमस्कार.

औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंवर पित्ताम्लापासून (पित्तातल्या आम्लापासून) पॉलिमर, म्हणजे लांब साखळीचा रेणू, बनवण्याच्या आमच्या प्रकल्पाच्या अनुदानाचा दुसरा हप्ता मार्चअखेर देऊ, असे लेखी आश्वासन होते. जुलै संपत आला. काल उत्तर आले: 'डिस्क चाचणीत प्रतिबंधक वर्तुळ आढळत नाही, सबब हप्ता स्थगित.' या चाचणीत औषधाची चकती जिवाणू पेरलेल्या आगरवर, म्हणजे जेलीसारख्या थरावर, ठेवतात; औषध पसरले की चकतीभोवती जिवाणू न वाढलेले वर्तुळ दिसते. म्हणूनच ते वाक्य वाचून संताप आवरत नाही.

आम्ही वापरतो त्या कोलिक आम्ल या पित्ताम्लाच्या एका अंगाला तीन हायड्रॉक्सिल गट असतात, दुसरे अंग तेलकट. त्या गटांवर धनभार बसवला की ते अंग जिवाणूच्या ऋणभारित आवरणाला चिकटते आणि तेलकट अंग आत घुसून आवरण फाडते. असे शेकडो भार अंगावर असलेली लांब साखळी आगरमध्ये पसरतच नाही. मग वर्तुळ दिसणार कुठून? कोलिस्टिन या प्रतिजैविकाची डिस्क चाचणीही याच कारणाने विश्वासार्ह मानत नाहीत. अणुजीवशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याने हे सांगितले असते.

खरी चाचणी द्रव माध्यमात होते: मिलिलिटरमागे 5 लाख जिवाणू, 35 अंश, 16 ते 20 तास. माध्यमात लिटरमागे कॅल्शियम 20 ते 25 आणि मॅग्नेशियम 10 ते 12.5 मिलिग्रॅम हवे. कमी पडले तर पॉलिमर आहे त्याहून जालीम भासतो. पॉलिस्टायरिनच्या प्लेटच्या भिंतींना तो चिकटला तर उलट दुबळा भासतो. शिवाय पॉलिमर रक्तातल्या तांबड्या पेशींवर तासभर ठेवून 540 नॅनोमीटरच्या प्रकाशात किती हिमोग्लोबिन सुटले ते मोजायचे. तेलकटपणा वाढवला की जिवाणू लवकर मरतात, पण तांबड्या पेशीही फुटतात. आमचे निम्मे कष्ट या एका ओढाताणीत जातात, आणि अहवालाच्या नमुन्यात त्यासाठी रकानाच नाही.

बनवतानाही घाई चालत नाही. तिसऱ्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल सहज जुळतो, सातव्या आणि बाराव्यावरचे आडोशाला असतात. फ्लास्कमध्ये ओल राहिली तर या गटांशी जुळायचे आम्ल क्लोराइड पाण्याशीच संपते आणि साखळीवर कुठे तीन भार, कुठे एकच. डायलिसिसचे, म्हणजे पडद्यातून लहान रेणू गाळून काढण्याचे, पाणी दोन-तीन दिवस बदलत राहावे लागते. नाहीतर बनवताना वापरलेली, उरलेली लहान अमाइन रसायनेच जिवाणू मारतात आणि श्रेय पॉलिमरला जाते. पुण्याच्या पावसाळ्यात सुकवलेली भुकटी बाटली उघडताच हवेतली ओल ओढते. 10 मिलिग्रॅम म्हणून तोललेले 10 भरत नाही, पुढचे सगळे आकडे चुकतात. म्हणून एकेक खेप आम्ही तीनदा करतो.

'प्रतिकार कधीच निर्माण होणार नाही' असे लिहून द्या, असाही आग्रह झाला. ते आम्ही लिहिणार नाही. कोलिस्टिनही आवरणावरच घाव घालते, तरी 2015 मध्ये त्याला पुरून उरणारे एमसीआर-1 जनुक सापडलेच.

2019 मध्ये प्रतिरोधक जिवाणूंनी जगात थेट 12.7 लाख बळी घेतले, असा अंदाज आहे. आणि आपल्याकडे? 2022 मध्ये सरकारी संशोधन संस्थांची 5 टक्के जीएसटीची सवलत काढली. जुलै 2024 मध्ये आयात प्रयोगशाळा-रसायनांवरचे सीमाशुल्क 10 वरून 150 टक्के केले; ओरड झाल्यावर ते मागे घेतले, पण आता प्रयोगासाठीच वापरू असे हमीपत्र द्यावे लागते. याच शहराला लागून पिंपरीत सरकारने 1954 मध्ये पेनिसिलिनसाठी हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी केली. तिथेच सापडलेल्या जिवाणूला पिंपरीचे नाव दिले, त्यातून हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध निघाले. तेव्हा देश गरीब होता. आज पैसा आहे आणि तो कागदावर अडवला जातो.

स्थगिती उठवा. मूल्यमापनावर द्रव माध्यमातली चाचणी स्वतः केलेला माणूस नेमा. पुण्यात पॉलिमर कमी चिकटणाऱ्या पॉलिप्रॉपिलीनच्या प्लेट आणि तांबड्या पेशींची चाचणी असलेली एक सामाईक सोय करा. इथल्या अनेक प्रयोगशाळांना ती लागते. आमच्या दोन संशोधक विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती याच हप्त्यातून येते, ती एप्रिलपासून मिळालेली नाही.

आपले,
पुण्यातील एका प्रयोगशाळेतील संशोधक