टाकीला भोक पाडण्याआधी
म्हापसा, गोवा

प्रिय मित्रा,

फोंड्याच्या घरातल्या माशांच्या टाकीला मागच्या काचेत भोक पाडायचं ठरवलंस, फार बरं केलंस. खालच्या टाकीत, म्हणजे संपमध्ये, पाणी उतरवायला काठावरून टाकलेल्या नळीत हवा साचली की पाणी उतरायचं थांबतं, संपमधून पाणी वर फेकणारा पंप मात्र चालूच राहतो आणि पाणी फरशीवर येतं.

आधी काच टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेली, नाही ना, ते बघ. टफन्ड काचेला भोक पडत नाही, तिचा चुरा होतो. लॅपटॉपचा पांढरा पडदा काचेमागे धर, पोलराइज्ड गॉगल लाव आणि पडदा काळा दिसेपर्यंत मान कलती कर. काचेत डाग किंवा पट्टे उमटले तर तिला हात लावू नकोस. तयार टाक्यांचा तळ अनेकदा टफन्ड असतो.

टँक निपल (भोकात बसवून नळी जोडायचा आट्यांचा तुकडा) आधी आण, होल सॉ (ड्रिलला लावून गोल भोक कापायचं पातं) मागाहून. आट्यांचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोज आणि त्याहून १-२ मिमी मोठा डायमंड होल सॉ घे. भोकाची कड आणि काचेची कड यांत निदान एका भोकाएवढं अंतर हवं; ४५ मिमीच्या भोकाचा मध्य कडेपासून ७० मिमीवर धर.

रिकामी टाकी पुढच्या काचेवर, थर्मोकोलवर आडवी ठेव. आत गोधडी पसर, नाहीतर सुटलेली चकती खालची काच फोडेल. वरच्या काचेला आतून चिकटपट्टी लाव. बाहेरून खुणेभोवती चिकणमातीचं आळं कर, चवथीच्या मूर्तीची असते तशी, आणि त्यात पाणी भर. ड्रिल बॅटरीवरचंच घे आणि हॅमर बंद ठेव. भोक पाडलेली प्लायची पट्टी दाबून धरलीस की सॉ सुरुवातीला घसरत नाही.

वेग कमी, जोर अजिबात नाही. ड्रिलच्या वजनावर सॉ आपोआप उतरतो. पांढरा लगदा येत असेल तर ठीक. कोरडी पूड दिसली तर थांब, पाणी घाल. १० मिमी काचेला दहा मिनिटं लागली तरी लागू देत. घात होतो तो शेवटच्या मिलिमीटरला: उरलेला पातळ थर दाबाने तुटतो आणि पलीकडे वॉशरखाली न झाकणारे टवके उडतात. तिथे ड्रिल जवळजवळ उचलूनच धर.

रबर वॉशर टाकीच्या आत, निपलच्या कडेखाली, नटाकडे नको. नट हाताने आवळून वर फक्त पाव फेरा. वॉशरला सिलिकॉन लावू नकोस, आवळताना तो घसरून बाहेर येतो.

आणि आपल्याकडे पावसात वीज जाते, हे विसरू नकोस. पंप थांबला की भोकाच्या पातळीपर्यंतचं पाणी खाली येणारच. तुझ्या १२० बाय ४५ सेमीच्या टाकीत ३ सेमी म्हणजे १६ लिटर. संपमध्ये एवढी जागा कायम मोकळी हवी. वर येणाऱ्या नळीला पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली ४ मिमीचं छिद्र पाड, म्हणजे उलटा सायफन, नळीतून पाणी मागे ओढलं जाणं, तिथेच हवा शिरून तुटेल. पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर भिस्त ठेवू नकोस, शेवाळ अडकलं की तो उघडाच राहतो.

मासे सोडण्याआधी टाकी २४ तास भरून ठेव, जोडाखाली वर्तमानपत्र घालून. ओल दिसली तर नट आणखी पिळू नकोस; निपल काढून वॉशरखालची काच बोटाने तपास, बहुधा टवकाच सापडेल.

तुझाच,
म्हापशाचा मित्र