पाटीवरचे नाव एका महापौराचे आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महापौरपदाच्या आरक्षणाची सोडत निघाली की आठवडाभर गावभर एकच चर्चा चालते. पद कुठल्या प्रवर्गाला गेले, कोणत्या गटाचा नंबर लागणार, कोण रुसून बसले आहे. वर्तमानपत्रेही तेवढेच छापतात. या खुर्चीवर पूर्वी कोण माणसे बसून गेली, यावर एखादा रकाना लिहावा असे कुणाला वाटत नाही. म्हणून हे पत्र लिहितो आहे. कृपया जागा द्यावी.

मशीद बंदरला मसाल्याच्या एका पेढीवर मी ३१ वर्षे हिशेब लिहिले. रोज सकाळी स्टेशनाबाहेर पडलो की हातगाड्या आणि मिरचीच्या पोत्यांमधून वाट काढत युसूफ मेहेरअली मार्गाने पेढी गाठायची. कोपऱ्यावरची पाटी अर्धी वायरींमागे आणि उरलेली कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फलकामागे असायची. एकदा जावळीकडचा एक तरुण माथाडी पाठीवरचे पोते त्या पाटीखाली टेकवून घाम पुसत होता. मला म्हणाला, “मेहताजी, हे मेहेरअली कोन? मोठे शेठ होते का इथले?” मी म्हणालो, “असतील कुणी व्यापारी.” ते उत्तर आजही मला बोचते. ज्या माणसाच्या नावाच्या रस्त्यावर माझी उभी नोकरी गेली, तो माझ्या शहराचा महापौर होता आणि मला त्याची गंधवार्ता नव्हती. निवृत्तीनंतर डोंबिवलीच्या वाचनालयात बसून मी हे वाचून काढले.

युसूफ मेहेरअली यांचा जन्म १९०३ मध्ये मुंबईतल्या एका सधन खोजा व्यापारी घराण्यात झाला. एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकून पुढे वकिलीची परीक्षाही त्यांनी दिली, पण राजकीय भाषणांमुळे वकिलीची परवानगी नाकारली गेली. त्या काळच्या सुखवस्तू घरातल्या मुलाला एवढ्यावर शहाणपण यायला हरकत नव्हती. यांना ते आले नाही. १९२८ मध्ये मुंबईच्या तरुणांना गोळा करून त्यांनी यूथ लीग उभी केली. त्याच वर्षी ३ फेब्रुवारीला सायमन कमिशन मुंबईच्या बंदरात उतरले, तेव्हा होड्यांतून समुद्रातच जाऊन निषेध करायचा असा या पोरांचा बेत होता. तो पोलिसांना कळला, तेव्हा ते हमालांचा वेष करून धक्क्यावर पोहोचले आणि काळी निशाणे दाखवली, असे सांगतात. ‘सायमन गो बॅक’ ही घोषणा मेहेरअलींची. हा प्रसंग वाचला तेव्हा मला पाटीखाली पोते टेकवून उभा असलेला तो पोरगाच आठवला.

पुढे मिठाचा सत्याग्रह आणि तुरुंगवाऱ्या. १९३२ नंतर नाशिकच्या तुरुंगात जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता, एस. एम. जोशी, ना. ग. गोरे अशी मंडळी एकत्र आली आणि त्या चर्चांतूनच १९३४ मध्ये काँग्रेस समाजवादी पक्ष जन्माला आला. मेहेरअली त्याच्या संस्थापकांपैकी एक. (यातले नानासाहेब गोरे पुढे १९६७ मध्ये पुण्याचे महापौर झाले. म्हणजे त्या एका तुरुंगाने महाराष्ट्राच्या दोन शहरांना महापौर दिले.) १९३८ मध्ये जागतिक युवक परिषदेसाठी अमेरिकेला गेलेल्या भारतीय शिष्टमंडळाचे नेतृत्व त्यांनी केले.

आता महापौरपदाकडे येतो. मुंबईत ‘मेयर’ हा किताब १९३१ पासून आला, त्याआधी नगरपालिकेचा अध्यक्ष असे. ‘महापौर’ हा आपला शब्द सावरकरांचा. अधिकार मात्र १८८८ च्या कायद्याने तेव्हाही आयुक्ताकडे होते आणि आजही आहेत. महापौराने सभागृह चालवायचे, पाहुण्यांचे स्वागत करायचे. मुदत त्या काळी एका वर्षाची. अशा या पदासाठी १९४२ मध्ये मेहेरअलींचे नाव पुढे आले तेव्हा ते तुरुंगात होते. नगरसेवकांनी त्यांना निवडून दिले. तोवरच्या महापौरांमध्ये ते वयाने सर्वांत लहान होते, चाळिशीच्या आतले. जपानी सैन्य ब्रह्मदेशात घुसले होते, मुंबईत ब्लॅकआउट चालू होता, बिऱ्हाडे गावाकडे निघाली होती. अशा भेदरलेल्या शहराने बंदिवानाला पहिला नागरिक केले.

त्याच उन्हाळ्यानंतर मुंबईत गांधीजींभोवती खलबते चालू होती. इंग्रजांना जा म्हणायचे, पण कोणत्या शब्दांत? कुणी ‘गेट आउट’ सुचवले, ते उद्धट वाटले. तोवर सुटून आलेल्या मेहेरअलींनी ‘क्विट इंडिया’ (भारत छोडो) हे दोन शब्द पुढे ठेवले आणि गांधीजींना ते पटले. ८ ऑगस्टला गवालिया टँकवर ठराव झाला, ९ ऑगस्टला धरपकड. त्या धरपकडीत मुंबईचा महापौरही पुन्हा गजाआड गेला. खुर्चीवर बसायला त्यांना जेमतेम काही महिने मिळाले.

तुरुंगात हृदयविकाराचा झटका आला. सरकारने त्यांना इस्पितळात हलवायची तयारी दाखवली, तेव्हा सोबतच्या दोन आजारी कैद्यांनाही हलवा असे त्यांनी सांगितले, आणि ते नाकारले गेल्यावर स्वतःही गेले नाहीत, अशी हकीकत त्यांच्याविषयी सांगितली जाते. १९४३ मध्ये सुटले, पण प्रकृती परत सावरली नाही. २ जुलै १९५० रोजी ते गेले. सत्तेचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती. दुसऱ्या दिवशी मुंबईतल्या बस, ट्राम, लोकल काही मिनिटे जागच्या जागी थांबवण्यात आल्याची नोंद आहे. आज ज्या रस्त्यावर क्षणभर उभे राहायला जागा नाही, त्या रस्त्याचे नाव ज्यांच्यावरून पडले त्यांच्यासाठी सगळे शहर उभे राहिले होते.

संपादक महोदय, दर ९ ऑगस्टला ऑगस्ट क्रांती मैदानावर फुले वाहिली जातात, आणि ‘भारत छोडो’ हे शब्द मुलांना शाळेत पाठ असतात. ते शब्द ज्याने सुचवले तो त्या दिवशी याच शहराचा महापौर होता, हे किती मुलांना सांगितले जाते? माझ्या नातवाला ठाऊक नव्हते. त्याच्या शिक्षिकेलाही नव्हते, आणि त्यात त्यांचा दोष नाही, पुस्तकात असते तर त्यांनी नक्की शिकवले असते. पनवेल तालुक्यात मुंबई-गोवा महामार्गावर तारा या गावी डॉ. जी. जी. पारीख आणि सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये स्थापन केलेल्या युसूफ मेहेरअली सेंटरचे काम आहे. तिथे घाण्याचे तेल निघते, साबण तयार होतो, आदिवासींसाठी दवाखाना चालतो. कोकणात जाताना त्या फाट्यावरून मी कितीदा गेलो असेन. नाव वाचले आणि पुढे गेलो.

मार्च २०२२ मध्ये पालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर कित्येक वर्षे मुंबईला महापौरच नव्हता. प्रशासक होता, कामे होत होती, आणि फारसे कुणाला काही वाटले नाही. मला त्याचे वाईट वाटले. पदाला अधिकार नाहीत म्हणून ते शोभेचे, असे जे सर्रास म्हटले जाते ते मला मान्य नाही. अधिकार मेहेरअलींनाही नव्हते.

माझी मागणी लहान आहे. पालिकेने या रस्त्याच्या पाटीखाली दोन ओळी लिहाव्यात: मुंबईचे महापौर, १९४२, ‘भारत छोडो’ या शब्दांचे जनक. आणि त्या पाटीवर फलक लावायला मनाई करावी. आपणही २ जुलैला त्यांच्यावर अर्धे पान द्यावे आणि मग एकेका जुन्या महापौरावर लिहीत जावे. कात्रणे जपणारे माझ्यासारखे वाचक अजून आहेत.

तो माथाडी आता कुठे असेल मला माहीत नाही, पण त्या रस्त्यावर पोती वाहणारी पोरे आजही पाटीखालीच थांबतात. तिथेच काय ती थोडी सावली असते.

आपला,
एक निवृत्त हिशेबनीस, डोंबिवली (पूर्व)