चंदगडच्या काकांनाही बोलावलंय

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय निघाला की बाबा "आईशी बोल" म्हणून फोन तुझ्याकडे देतात, म्हणून लिहायला बसले. आई, सकाळचा चहा-नाश्ता झाला, गोळ्या झाल्या की मगच हे बाबांच्या हातात दे.

आत्याचं वर्षश्राद्ध शहापुरात दादा करणार आहे. त्यानंतरच्या रविवारी सगळ्यांनी उचगावला आपल्या घरी जेवायला जमायचं, इथवर तुम्हाला माहीत आहे. त्यात मी चंदगडच्या काकांनाही बोलावलंय. विचारून बोलावलेलं नाही, बोलावून सांगतेय. बाबा, विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता, आणि तुम्ही नको म्हटल्यावर मला ते करता आलं नसतं.

काजूच्या बागेचं जे झालं त्यात तुमचं चुकलं असं मी कधी म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. ती मोजणी, ते कागद जिथं आहेत तिथं राहू देत. त्या दिवशी त्याचं नाव कुणी काढायचं नाही हे काकांच्या मुलालाही सांगून झालंय.

गेल्या महिन्यात दादाने आत्याची फोनची वही माझ्याकडे दिली. ती लांबट, रेक्झिनच्या कव्हरची, कायम तिच्या पिशवीत असायची ती. तिच्यात माणसांची नावं कमी, गावंच जास्त. तुर्केवाडी, हलकर्णी, निपाणी, नंदगड, फोंडा. गावापुढे नंबर आणि खाली बारीक अक्षरात त्या घरची हालहवाल: 'सुनेला सातवा', 'डावा डोळा झाला, उजवा दिवाळीनंतर', 'यांना गूळ नको'. चंदगडच्या पानावर जुना नंबर खोडून नवा घातलाय आणि खाली पेन्सिलीनं लिहिलंय, 'धाकटा नको म्हणतो. तरी सणाला फोन करायचाच.' तुमच्या अँजिओप्लास्टीच्या महिन्यात त्याच पानावर आहे, 'नाचणी, काजूगर आले. धाकट्याला दिले. कुणाचे ते सांगितलं नाही.'

बाबा, ती आंबील तुम्ही महिनाभर प्यालात. आत्याने तुमच्यापासून लपवलं ते तुम्हाला त्रास नको म्हणून, तिच्यावर रागावू नका. तिच्या नावानं घर जमवायचं आणि हे एक पान सोडून द्यायचं, हे माझ्यानं होईना.

आपल्याकडं माणसं जोडलेली राहणं किती अवघड आहे ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलंय. 1956 ला राज्यांची वाटणी झाली त्याच साली आत्याचा जन्म. "मी नि सीमाप्रश्न एका वयाचे," म्हणायची. बेळगावात दवाखाना असो, कॉलेजचा प्रवेश असो की लग्नाचा बस्ता, चंदगडकडचा माणूस आधी तिच्या सोप्यावर पिशवी ठेवायचा आणि मग कामाला लागायचा. 2021 मध्ये नाक्यावर आरटीपीसीआरचा रिपोर्ट मागत होते, हलकर्णीच्या मामांच्या दहाव्याला आपल्यातलं कुणी पोचू शकलं नाही. तेव्हा तिनं सगळ्या घरांना एका व्हिडिओ कॉलवर बसवलं आणि मामींचं रडणं संपेपर्यंत कुणाला फोन ठेवू दिला नाही. 2022 च्या डिसेंबरात वातावरण तापलं, तिकडून येणारी एसटी बंद झाली, आणि नेमकं तुर्केवाडीला बारसं! रिक्षानं बाचीपर्यंत गेली, डिंकाच्या लाडवांचा डबा कडेला धरून चालत शिनोळीत शिरली, तिथून भाच्याच्या मोटारसायकलवर. पुढच्या वर्षी इकडं शक्ती योजनेत बायकांना बस फुकट झाली, तिकडं एसटीला अर्धं तिकीट. मग तर तिला घरात कोण धरणार.

आणि बाबा, तुम्ही दरवर्षी एक नोव्हेंबरला दंडाला काळी फीत लावून फेरीत चालता. पाय सुजलेले असले तरी चालता. पलीकडच्या आपल्या माणसांपासून तोडलं, हेच दुःख आहे ना ते? काकाही पलीकडचेच आहेत. लहान तोंडी मोठा घास घेतेय, पण हे तुमच्याकडूनच शिकलेय.

मला ती शिवजयंतीची रात्र अजून आठवते. वैशाखातला उकाडा, चित्ररथ संपता संपत नव्हते आणि मला झोप आवरत नव्हती. तुमच्या खांद्यावर छोटू होता, म्हणून काकांनी मला उचललं. तुम्ही दोघं पुढं-मागं चालत, त्या गर्दीतून वाट काढत शहापूरला आलात. आत्यानं माडीवर एका ओळीत अंथरुणं घातली होती. कुणाचं पोर कुणाच्या कुशीत झोपलं याचा पत्ता नव्हता. तुमच्या दोघांच्या बोलण्याचा आवाज खालून येत होता आणि मला कसलीच भीती वाटत नव्हती.

तुम्हा दोघांना काडीचाही त्रास होणार नाही. आचारी ठरलाय, मांडव परड्यात पडेल, पाण्याचा टँकर आदल्या संध्याकाळी येईल. पंगत टेबल-खुर्चीवर, त्यामुळे आईला खाली बसा-उठायचं नाही. बाबांच्या खोलीत कुणाचंही सामान ठेवणार नाही. तुमचा पंखा, तुमचा तरुण भारत, दुपारची झोप, सगळं रोजच्यासारखं. दाटी वाटली तर उठून खोलीत जा, कुणी काही म्हणणार नाही. तुमचा बिनसाखरेचा चहा मी स्वतः करीन.

आता ऐका. आई, माळ्यावरची पितळी भांडी काढायची नाहीत. स्टुलावर चढलेली मला कळलं तर मी आल्या पावली भांडेन. पुरणही आचारीच करेल, तू फक्त चव बघ. बाबा, मांडववाल्याच्या मागं उन्हात उभं राहायचं नाही. स्कूटर बाहेर काढायची नाही. बाजारातलं काही लागलं तर दादाला फोन करा. त्याआधीच्या आठवड्यात बीपी बघून घ्या आणि आकडा मला कळवा, 'बरं आहे' एवढं चालणार नाही.

काकांना तुम्ही फोन करायची गरज नाही. मी केला तेव्हा बराच वेळ ते गप्पच होते. मग म्हणाले, "त्येला चालत असंल तर येतो." मी चालतंय म्हणून सांगितलंय, बाबा. एवढा माझा शब्द राखा. बोलला नाहीत तरी चालेल, पंगतीला तेवढे शेजारी बसा.

आईच्या गुडघ्याचं तेल आणि तुमच्या गोळ्या घेऊन मी गुरुवारीच येतेय.

तुमची लाडकी
लेक

ता. क. काकांना आता रात्री नीट दिसत नाही, त्यामुळं ते मुक्कामाला राहतील. त्यांचं अंथरूण सोप्यावर घालायचं ठरवलंय. आई, ती जाड वाकळ उन्हात टाकून ठेव.